वंशावळीचे स्थलांतर

आपल्या घराण्याची वंशावळ काढून आणा, असे वर्गात सांगितले की बहुतेक मुले एक झाड काढतात. खोडाशी मूळ पुरुष, वर फांद्या आणि फांद्यांच्या टोकांना आजची पिढी. तीन-चार पिढ्यांपर्यंत हे चित्र कागदावर नीट मावते. पाचव्या पिढीला फांद्या एकमेकींत शिरू लागतात, चुलत आणि मावस नात्यांसाठी जागा उरत नाही आणि कोणीतरी सुचवते, की आता हे संगणकावर करावे. मग प्रश्न येतो, की त्यासाठी कोणता प्रोग्रॅम घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर साधारणपणे पडद्यावरच्या देखण्या तक्त्यांकडे पाहून दिले जाते. वंशावळींच्या संगणकीकरणाचा इतिहास मात्र दुसरीच कसोटी सुचवतो. माहिती आत कशी भरायची हे प्रत्येक प्रोग्रॅम हौसेने शिकवतो. ती बाहेर कशी काढायची, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये कशी न्यायची आणि नेताना तिच्यातले काय काय वाटेत सांडते, हे आपण स्वतःच पाहावे लागते. या लेखात आपण हाच इतिहास पाहणार आहोत.

वंशावळीचे स्थलांतर ही गोष्ट संगणकाच्या आधीपासून चालत आली आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार अशा ठिकाणचे तीर्थोपाध्याय यजमानांच्या पिढ्यांच्या नोंदी वह्यांत ठेवतात. वही जीर्ण झाली की मजकूर नव्या वहीत उतरवला जातो. मोडीतला मजकूर बाळबोधीत येतो. येथे उतरवणारा माणूस मजकूर वाचतो आणि समजून घेतो. एखाद्या नावापुढे ‘दत्तक’ असे लिहिलेले असेल, तर त्या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक असतो. संगणकाला असा अर्थ आपोआप कळत नाही. जे आधी ठरवून दिले आहे, तेवढेच तो एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो. पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ या साध्या फरकात आहे.

चित्राकडून यादीकडे

झाडाचे चित्र दुसऱ्याला कळवायचे, तर आधी त्याची यादी करावी लागते आणि त्या यादीवरून पुन्हा तेच चित्र उभे करता आले पाहिजे. ही युक्ती छापील पुस्तकात प्रथम वापरली ती मिखाएल आयत्सिंगर या ऑस्ट्रियन लेखकाने. युरोपातील तत्कालीन राजघराण्यांविषयीचे त्याचे पुस्तक १५९० मध्ये कोलोन येथे निघाले. त्यात त्याने पूर्वजांना क्रमांक दिले. ज्याची वंशावळ, तो १. त्याचे वडील २, आई ३. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. नियम एकच: कोणत्याही व्यक्तीच्या क्रमांकाची दुप्पट केली की तिच्या वडिलांचा क्रमांक मिळतो आणि त्यात एक मिळवला की आईचा.

पुढे १६७६ मध्ये हेरोनिमो दे सोसा या स्पॅनिश धर्मगुरूने हीच पद्धत वापरली आणि १८९८ मध्ये श्टेफान केकुले फोन श्ट्राडोनित्स या जर्मन वंशावळकाराने ती लोकप्रिय केली. रसायनशास्त्राच्या शिक्षकांना हे आडनाव ओळखीचे वाटेल. बेंझीनच्या रेणूची कड्यासारखी रचना सुचवणाऱ्या ऑगुस्ट केकुले यांचा हा मुलगा.

या पद्धतीत एक गंमत दडलेली आहे. क्रमांक द्विमान पद्धतीत लिहून पाहा. १३ म्हणजे ११०१. पहिला १ ही मूळ व्यक्ती. पुढे ० आला की वडील आणि १ आला की आई असे वाचत जायचे. १, ०, १ म्हणजे आईच्या वडिलांची आई. क्रमांकातच नात्याचा संपूर्ण रस्ता लिहिलेला आहे. दहा पिढ्या मागे गेले तर त्या एकाच पिढीत १०२४ स्थाने असतात आणि मूळ व्यक्ती धरून एकूण स्थाने २०४७ होतात. संगणकशास्त्रात झाडासारखी रचना सरळ रांगेत साठवताना आजही हीच मांडणी वापरतात आणि तिला आयत्सिंगरचेच नाव देतात.

पण या पद्धतीत भाऊ-बहिणींना जागा नाही. आत्या, मामा, चुलते कोणीच नाहीत. शिवाय प्रत्येकाला एकच आई आणि एकच वडील असतात हे तिने गृहीत धरले आहे. वंशजांची यादी करायची तर वेगळी पद्धत लागते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यांवरील १९३५ च्या पुस्तकात रेजिनाल्ड ब्यूकॅनन हेन्री याने मूळ पुरुषाला १, त्याच्या मुलांना ११, १२, १३ आणि १२ च्या मुलांना १२१, १२२ असे क्रमांक दिले. दहावे मूल आले की ही रीत अडते, कारण एका पिढीसाठी एकच अंक ठेवलेला आहे. म्हणून दहाव्या मुलासाठी रोमन दहाची खूण आणि पुढच्यांसाठी अक्षरे वापरावी लागली. जाक दाबोव्हील या फ्रेंच गृहस्थाने १९४० मध्ये अंकांमध्ये टिंबे घालून ही अडचण दूर केली: १.२.१०. माहिती नोंदवण्याची पद्धत ठरवताना केलेले लहानसे गृहीतक पुढे कोणाला तरी बाहेर ठेवते, याचे हे चांगले उदाहरण आहे. संगणकाच्या काळात तेच मोठ्या प्रमाणावर घडले.

सॉल्ट लेक सिटीहून आलेली भाषा

वंशावळींच्या संगणकीकरणाचे केंद्र अमेरिकेतील युटा राज्यात आहे. तेथील मॉर्मन ख्रिस्ती पंथात दिवंगत पूर्वजांसाठी काही धर्मविधी करण्याची प्रथा असल्याने पूर्वजांचा शोध हे धर्मकार्य मानले जाते. या पंथाच्या आश्रयाने १८९४ मध्ये युटाची वंशावळ संस्था स्थापन झाली. १९३८ पासून तिने निरनिराळ्या देशांतील जन्म, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्यांच्या मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. सॉल्ट लेक सिटीजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट खडक कोरून केलेल्या दालनांत त्या ठेवल्या आहेत. पुढे या फिल्म्सची संख्या सुमारे २४ लाख रिळांपर्यंत गेली. हरिद्वार आणि उत्तर भारतातील आणखी काही तीर्थक्षेत्रांच्या वह्याही या संग्रहात आहेत. आज ही संस्था ‘फॅमिली सर्च’ या नावाने ओळखली जाते.

१९८४ मध्ये घरगुती संगणक नुकते येऊ लागले होते. तेव्हा या पंथाच्या कुटुंब-इतिहास विभागाने ‘पर्सनल अँसेस्ट्रल फाइल’ नावाचा प्रोग्रॅम काढला. घरोघरी लोक आपापल्या वंशावळी त्यात भरू लागले. भरलेली माहिती फ्लॉपीवर घालून मध्यवर्ती संग्रहाकडे पाठवायची होती आणि तेथे ती दुसऱ्या जातीच्या मोठ्या संगणकावर वाचली जायची होती. त्यासाठी एक सामाईक भाषा लागत होती. तिचे नाव ‘जिनिऑलॉजिकल डेटा कम्युनिकेशन’, थोडक्यात ‘जेडकॉम’.

जेडकॉमची रचना सोपी ठेवली होती. ती साध्या मजकुराची फाइल आहे, कोणत्याही संपादकात उघडून डोळ्यांनी वाचता येते. इतर कंपन्यांनाही ती वापरायची मोकळीक होती. म्हणून पुढची चाळीस वर्षे वंशावळीचे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम याच भाषेत एकमेकांशी बोलत आले.

एक नोंद उघडून पाहू

राजर्षी शाहू महाराजांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा. जन्मनाव यशवंतराव, वडील कागलचे जयसिंगराव घाटगे, आई राधाबाई. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचे १८८३ च्या डिसेंबरात निधन झाले आणि १७ मार्च १८८४ रोजी त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी यशवंतरावांना दत्तक घेतले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. जेडकॉममध्ये ही नोंद पुढीलप्रमाणे होईल. मूळ फाइलमध्ये खुणा म्हणून इंग्रजी शब्दांची तीन-चार अक्षरी लघुरूपे असतात. येथे सोयीसाठी मराठी शब्द घातले आहेत.

० @व्य१@ व्यक्ती
१ नाव यशवंतराव /घाटगे/
१ नाव शाहू /भोसले/
१ लिंग पुरुष
१ जन्म
२ दिनांक २६ जून १८७४
१ अपत्य-कुटुंब @कु१@
२ नाते जन्म
१ अपत्य-कुटुंब @कु२@
२ नाते दत्तक
१ पती-कुटुंब @कु३@

० @कु१@ कुटुंब
१ पती @व्य२@
१ पत्नी @व्य३@
१ मूल @व्य१@

ओळीच्या आरंभीचा अंक पातळी दाखवतो. ० म्हणजे नवी नोंद, १ म्हणजे त्या नोंदीतील बाब, २ म्हणजे त्या बाबीचा तपशील. ‘२६ जून १८७४’ ही ओळ ‘जन्म’ या ओळीच्या पोटात आहे, म्हणून ती जन्मतारीख ठरते. आडनाव तिरप्या रेघांमध्ये लिहितात. सर्वांत महत्त्वाची आहे ती दोन चिन्हांमधली खूण. व्यक्ती आणि कुटुंब या दोन स्वतंत्र प्रकारच्या नोंदी आहेत आणि त्या या खुणांनी एकमेकींना जोडल्या जातात.

ओळख नावावर न ठेवता खुणेवर का ठेवली, हे पेशव्यांच्या उदाहरणावरून लगेच ध्यानात येईल. बाळाजी विश्वनाथ, त्यांचे पुत्र बाजीराव बाळाजी, त्यांचे पुत्र बाळाजी बाजीराव आणि पुढे बाजीराव रघुनाथ. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असलेल्या समाजात नुसत्या नावावरून जुळवाजुळव करणारा प्रोग्रॅम दोन पिढ्या एकत्र करून टाकील.

आयत्सिंगरच्या पद्धतीत न बसणारी गोष्टही येथे बसली आहे. शाहू महाराजांचे क्रमांक २ कोण, जयसिंगराव घाटगे की चौथे शिवाजी? क्रमांकाच्या पद्धतीत एकाची निवड करावी लागते. जेडकॉममध्ये एक व्यक्ती दोन कुटुंबांचे अपत्य असू शकते आणि प्रत्येक नात्याचा प्रकार सांगता येतो. दत्तक पतीने घेतले, पत्नीने की दोघांनी, हे लिहिण्याचीही सोय आहे. धाकटे बंधू बापूसाहेब घाटगे कागलच्या घराण्यात राहिले, तरी ‘कु१’मुळे दोघांचे भावाचे नाते टिकून राहते.

वाटेत काय सांडते

मग अडचण कोठे येते? भाषेत शब्द असणे आणि ऐकणाऱ्याला तो समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नवा प्रोग्रॅम एका व्यक्तीला आईवडिलांची एकच जोडी देत असेल, तर वरील फाइल वाचताना तो ‘कु१’ किंवा ‘कु२’ यांपैकी एक दुवा सोडून देईल. शाहू महाराज मग एक तर फक्त घाटगे होतील किंवा फक्त भोसले. पडद्यावर चूक झाल्याचे दिसतही नाही. झाड पूर्वीसारखेच भरलेले दिसते. वंशावळीच्या स्थलांतरातले बहुतेक नुकसान असे मुकाट्याने होते.

नावांचा प्रश्न आपल्याकडे अधिक बिकट आहे. जेडकॉममध्ये नावाचे भाग म्हणून स्वतःचे नाव, आडनाव, टोपणनाव, उपाधी यांना जागा आहेत. वडिलांच्या किंवा पतीच्या नावासाठी स्वतंत्र जागा नाही. ते आपल्याला स्वतःच्या नावाला जोडून लिहावे लागते. लग्नानंतर आडनावच नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलण्याची चाल पाश्चात्त्य रचनाकारांच्या डोळ्यांसमोर नव्हती. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. सुदैवाने एका व्यक्तीला अनेक नावे देता येतात. पण काही प्रोग्रॅम पहिलेच नाव ठेवतात आणि बाकीची टिपणात ढकलतात. स्त्रियांच्या बाबतीत याचा अर्थ माहेरची ओळख पुसली जाणे असाही होऊ शकतो. आधीच आपल्या जुन्या वंशावळींत मुलींची नावे कमी आढळतात.

तारखांचेही तसेच. जेडकॉमच्या ५.५ आवृत्तीला ग्रेगरियन, ज्युलियन, ज्यू आणि फ्रेंच राज्यक्रांतीची दिनदर्शिका माहीत होती. शालिवाहन शक माहीत नव्हता. शकात ७८ मिळवला की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकवतो. पण शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत. म्हणून जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांसाठी ७९ मिळवावा लागतो. शाहू महाराजांचे दत्तकविधान १७ मार्च १८८४ चे, म्हणजे शके १८०५ च्या फाल्गुनातले. कोणी नुसते ७८ मिळवून सन लिहिला, तर तो १८८३ येतो आणि दत्तकविधान चौथ्या शिवाजींच्या हयातीत झाले असा अर्थ निघू शकतो. म्हणून कागदावर जी तारीख असेल ती जशीच्या तशी शब्दांत लिहून ठेवावी आणि शेजारी इसवी सन द्यावा. तारखेच्या जोडीला असा शब्दांतला मजकूर ठेवण्याची सोय जेडकॉममध्ये आहे.

अक्षरांची कथा आणखी वेगळी. आरंभीची जेडकॉम फाइल रोमन लिपीपुरती होती. युरोपीय भाषांतील टिंबे-मात्रांसाठी ग्रंथालयांत वापरला जाणारा एक संकेत तिने स्वीकारला होता. त्यात देवनागरीला जागा नव्हती. आपल्याकडे १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण जाहीर झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह निघाली. तरीही त्या दशकात बहुतेक मराठी मजकूर विशिष्ट फाँटच्या खाजगी संकेतांत टंकलिखित होत असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर आजोबांचे नाव चिन्हांची निरर्थक रांग होऊन बसे. जेडकॉमच्या ५.५ आवृत्तीत १९९६ पासून युनिकोडची सोय झाली आणि १९९९ च्या ५.५.१ या मसुद्यात ‘यूटीएफ-८’ हा आज सर्वत्र वापरला जाणारा प्रकार आला.

त्यातही एक खाच होती. जेडकॉमच्या एका ओळीला २५५ वर्णांची मर्यादा होती. लांब टिपण असेल तर ते तोडून पुढच्या ओळीत जोडखूण घालून लिहायचे. तोडलेल्या ओळीच्या शेवटी मोकळी जागा असली, तर वाचणारा प्रोग्रॅम ती गाळी आणि दोन शब्द एकमेकांना चिकटत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटचा असतो. वर्णांऐवजी बाइट मोजून ओळ तोडली, तर तुकडा वर्णाच्या मधोमध पडू शकतो आणि तेथे अक्षराऐवजी प्रश्नचिन्ह किंवा चौकट दिसते.

छायाचित्रांबाबत पुष्कळांचा गैरसमज असतो. जेडकॉम फाइलमध्ये छायाचित्र नसते, ते कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता असतो. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि छायाचित्रे मागे राहिली, तर पत्ता राहतो आणि घर नाहीसे होते. शिवाय प्रत्येक कंपनीला अधोरेखेने सुरू होणाऱ्या स्वतःच्या खुणा घालण्याची मुभा आहे. त्या खुणा दुसऱ्या कंपनीचा प्रोग्रॅम ओळखेलच असे नाही.

प्रोग्रॅम मरतात तेव्हा

हे सारे तपशील ज्यांना क्षुल्लक वाटत होते, त्यांना २०१३ ते २०१६ या काळात त्यांचे महत्त्व कळले. ज्याच्यापासून सुरुवात झाली तो पर्सनल अँसेस्ट्रल फाइल हा प्रोग्रॅम २०१३ च्या जुलैत बंद करण्यात आला. १९९३ पासून चालत आलेला ‘द मास्टर जिनिऑलॉजिस्ट’ हा प्रोग्रॅम बंद होत असल्याचे २०१४ मध्ये जाहीर झाले. २०१५ च्या डिसेंबरात अँसेस्ट्री कंपनीने ‘फॅमिली ट्री मेकर’ची विक्री थांबवत असल्याचे सांगितले, २०१६ च्या आरंभी तो मॅकीव्ह या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि वाचला.

यांतले मास्टर जिनिऑलॉजिस्टचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. तो अभ्यासू लोकांचा आवडता प्रोग्रॅम होता. एका घटनेशी अनेक माणसे निरनिराळ्या भूमिकांत जोडता येत: वर, वधू, साक्षीदार, पुरोहित. एकाच बाबीविषयी परस्परविरोधी पुरावे शेजारी ठेवून कोणता किती विश्वसनीय हे नोंदवता येई. ही सारी संपत्ती जेडकॉममध्ये मावत नव्हती. ज्याने सर्वांत कसून काम केले होते, त्याचेच स्थलांतरात सर्वांत जास्त नुकसान होणार होते. तेव्हा रूट्समॅजिकसारख्या काही प्रोग्रॅमांनी जेडकॉमला वळसा घालून मास्टर जिनिऑलॉजिस्टच्या फाइल थेट वाचण्याची सोय केली. त्यामुळे पुष्कळ माहिती वाचली, पण ती एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या तयारीमुळे वाचली, सामाईक भाषेमुळे नव्हे.

सामाईक भाषा मागे का पडली होती? १९९६ च्या ५.५ नंतर १९९९ मध्ये ५.५.१ चा मसुदा आला आणि तो तब्बल वीस वर्षे मसुदाच राहिला. बहुतेक प्रोग्रॅम मात्र तोच वापरत होते. मध्यंतरी ६.० या आवृत्तीचा आराखडा निघाला, पण तो रुजला नाही. २०१२ मध्ये फॅमिली सर्चने ‘जेडकॉम-एक्स’ नावाची वेगळी रचना मांडली. तीही घरगुती प्रोग्रॅमांत जेडकॉमची जागा घेऊ शकली नाही. अखेर २०१९ मध्ये ५.५.१ ला अधिकृत प्रमाण म्हणून मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये ७.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात फक्त यूटीएफ-८ चालते, ओळ तोडण्याची ती जोडखूण काढून टाकली आहे आणि छायाचित्रांसह सर्व काही एका गठ्ठ्यात बांधून नेता येते. पती-पत्नी या खुणांवरून लिंग गृहीत धरू नये, असेही तिने स्पष्ट केले. पण नवी भाषा प्रसिद्ध झाली म्हणून सगळे तिच्यात बोलू लागतात असे नाही. ५.५.१ च्या फाइल अजून कितीतरी वर्षे फिरत राहतील.

निवडीची कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रोग्रॅम निवडण्यापूर्वी एक छोटी चाचणी फाइल तयार करावी. तीस-चाळीस माणसे पुरेत, पण अवघड प्रकार सगळे असावेत: एक दत्तक, एक पुनर्विवाह, नाव बदललेली एक विवाहित स्त्री, आजोबा-नातू एकाच नावाचे, शकातील एक तारीख, तीनशे वर्णांहून लांब असे मराठीतील एक टिपण, एक छायाचित्र आणि माहिती कोठून मिळाली याचा एक उल्लेख.

ही माहिती पहिल्या प्रोग्रॅममध्ये भरून जेडकॉममध्ये बाहेर काढा. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ती वाचा. तेथून पुन्हा बाहेर काढून पहिल्यात परत आणा. आता तीन गोष्टी मोजा: व्यक्तींची संख्या, कुटुंबांची संख्या आणि आधारांची संख्या. त्या जुळल्या तरी थांबू नका. अवघड नोंदी एकेक करून वाचा. संख्या जुळते आणि दत्तकाचे नाते गेलेले असते, असे होऊ शकते. दोन्ही फाइल साध्या संपादकात उघडून ओळी ताडून पाहिल्या की काय गेले ते नेमके सापडते.

ही परीक्षा जो प्रोग्रॅम उत्तम रीतीने उत्तीर्ण होईल, तो निवडावा. २००१ मध्ये सुरू झालेला ‘ग्रॅम्प्स’ मोफत आहे, त्याची घडण सर्वांना पाहण्यास खुली आहे आणि त्यात देवनागरी नावे भरता येतात. शाळेला चाचणीसाठी तो सोयीचा आहे. पण कोणताही प्रोग्रॅम घेतला तरी वर्षातून एकदा जेडकॉम प्रत काढून ठेवावी, छायाचित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये अर्थपूर्ण नावे देऊन ठेवावीत आणि ज्या गोष्टी त्या भाषेत बसत नाहीत त्या साध्या मराठी वाक्यांत टिपणात लिहाव्यात. ‘१७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाईंनी दत्तक घेतले’ हे वाक्य माणसाला केव्हाही वाचता येईल, मग प्रोग्रॅमला त्याचा अर्थ कळो वा न कळो.

वर्गात हा प्रयोग करताना दोन पथ्ये पाळावीत. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते फाइलमधून बाहेर जाऊ देऊ नयेत. आणि प्रत्येक मुलाने स्वतःच्याच घराची वंशावळ आणावी असा आग्रह धरू नये. काही घरांत दत्तक, विभक्त पालक किंवा तुटलेली नाती असतात आणि ती चारचौघांत मांडणे मुलाला जड जाते. त्यापेक्षा इतिहासाच्या पुस्तकातले एखादे घराणे घ्यावे. कोल्हापूरच्या छत्रपतींचे घराणे यासाठी उत्तम, कारण ज्यांनी शाहू महाराजांना वारसा दिला ते चौथे शिवाजी स्वतःही दत्तकच आले होते.

अशा घराण्याची चाचणी फाइल चार गटांना चार निरनिराळ्या प्रोग्रॅमांत वाचायला द्यावी आणि प्रत्येक गटाने फळ्यावर एकच गोष्ट लिहावी: आमच्या झाडात शाहू महाराजांचे वडील कोण आहेत? उत्तरे सारखी आली नाहीत, तर आकडेवारी, इतिहास आणि संगणक या तिन्ही विषयांवर बोलण्यासारखे पुष्कळ काही त्या तासाला मिळेल.